मॉडेल रेल्वे: वळणाचे तयार रूळ मोठ्या त्रिज्येला कसे वळवायचे?

मॉडेल रेल्वेचा सेट विकत घेतला किंवा परदेशातून कुणी आणून दिला, तर खोक्यात रुळांचा एक गोल असतो. तो गोल जवळजवळ नेहमीच फार घट्ट असतो. कारण साधं आहे. कंपनीला तो जेवणाच्या टेबलावर किंवा खोलीच्या फरशीवर मावेल असा द्यायचा असतो. चार चाकांचं छोटं इंजिन आणि तीन आखूड डबे त्यावर मजेत फिरतात. पुढे हौस वाढते, सहा आसांचं डिझेल इंजिन येतं, लांब प्रवासी डबे येतात आणि गाडी वळणावर रूळ सोडायला लागते. मग प्रश्न येतो, की आहेत तेच वळणाचे तुकडे थोडे उघडून मोठं वळण करता येईल का?

येतं. पण सगळ्या रुळांचं येत नाही, आणि नुसतं हाताने ताणून तर अजिबातच नाही. या लेखात मी मुख्यतः एचओ आणि ओओ प्रकारच्या, म्हणजे १६.५ मिलीमीटर गेजच्या रुळांबद्दल लिहितोय. एन किंवा जी गेजलाही भूमिती तीच लागू पडते, फक्त आकडे बदलतात.

त्रिज्या इतकी महत्त्वाची का?

आधी खऱ्या रेल्वेशी तुलना करू. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवर सर्वात तीव्र वळण १० अंशांचं चालतं, म्हणजे साधारण १७५ मीटर त्रिज्येचं. एचओचं प्रमाण १:८७. १७५ मीटरला ८७ ने भागलं की दोन मीटर येतात. म्हणजे खऱ्या गाडीला जे सगळ्यात वाईट वळण मिळू शकतं, ते मॉडेलमध्ये दोन मीटर त्रिज्येचं व्हायला हवं. सेटमधला अमेरिकन पद्धतीचा रूळ असतो १८ इंच, म्हणजे ४५७ मिलीमीटर त्रिज्येचा. ब्रिटिश पद्धतीचा हॉर्नबीचा दुसऱ्या त्रिज्येचा रूळ ४३८ मिलीमीटरचा. खऱ्या मापात हे वळण झालं जेमतेम ४० मीटरचं! एवढ्या वळणावरून आपली एक्सप्रेस जाणार नाही. मॉडेल जातं, कारण त्याच्या चाकांच्या कडा जाड असतात, बोग्या हव्या तेवढ्या फिरतात आणि कपलर बोगीलाच जोडलेले असतात. ही सगळी तडजोड आहे, आणि तडजोडीलाही मर्यादा असते.

आपला जुना निळा आयसीएफ डबा घ्या. खऱ्या डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर आणि दोन बोग्यांच्या मध्यांतलं अंतर सुमारे १४.८ मीटर. एचओमध्ये डबा २४५ मिलीमीटरचा होतो आणि बोग्यांतलं अंतर १७० मिलीमीटर. वळणावर डब्याचा मधला भाग रुळाच्या आतल्या बाजूला सरकतो. किती, ते काढायचं सूत्र शाळेतल्या भूमितीचंच आहे: बोग्यांतल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ४५७ च्या वळणावर हे येतं ७.९ मिलीमीटर, ६१० च्या वळणावर ५.९. डब्याची टोकं बाहेरच्या बाजूला जातात, ती ४५७ वर साडेआठ आणि ६१० वर ६.४ मिलीमीटर. दोन-अडीच मिलीमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण दोन डब्यांमधला कपलर याच फरकाने तिरका ओढला जातो, आणि हलका डबा असेल तर तो उचलून आतल्या बाजूला पडतो. गाडी टेबलाच्या कडेने जात असेल तर पुढचं सांगायला नको. हौसेने जमवलेलं इंजिन तीन फुटांवरून फरशीवर पडलं की दुरुस्तीला सुटा भाग शोधत बसावं लागतं.

कुठले रूळ वळवता येतात?

रूळ उलटा करून खालून बघा. स्लीपरचे सुटे दिसणारे प्लास्टिकचे ठोकळे आणि त्यांना रुळाखालून जोडणाऱ्या बारीक प्लास्टिकच्या दांड्या दिसल्या, तर काम होण्यासारखं आहे. हॉर्नबी, पेको सेटट्रॅक, ॲटलस यांचे साधे तुकडे या जातीचे.

रूळ जर खडीच्या आकाराच्या कडक प्लास्टिकच्या पायावर बसवलेला असेल, म्हणजे काटोचा युनिट्रॅक, बाखमनचा ईझी ट्रॅक किंवा मेर्कलिनचा सी-ट्रॅक, तर नाद सोडा. तो पाया वाकत नाही, तडकतो. मेर्कलिनचे जुने पत्र्याचे एम-ट्रॅक तर एकसंध पत्रा दाबून केलेले आहेत, त्यांना हात लावू नये. ते तसेच ठेवले तर कुणी जुन्या वस्तूंचा शौकीन आनंदाने घेईल.

मग धातू बघा. चांगले रूळ निकल सिल्व्हरचे असतात. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो आणि ज्याची पूजेची भांडी मिळतात, तोच हा मिश्रधातू. तांबं, निकल आणि जस्त; नावात चांदी आहे, धातूत नाही. त्याच्यावर चढणारा थर वीज फारशी अडवत नाही, म्हणून तो रुळांसाठी पसंत करतात. पिवळे पितळी रूळ किंवा स्टीलचे रूळ असतील तर मी तरी त्यांच्यावर एवढी मेहनत घेणार नाही. पितळ काळं पडून वीज अडवतं. स्टीलवर कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात गंज येतो. दोन्ही रूळ वळतील छान, पण महिन्याभरात इंजिन अडखळायला लागेल आणि दोष वळणाचा वाटेल.

एक प्रामाणिक सल्ला आधीच देतो. तुम्हाला फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकणारा एक यार्डाचा, सुमारे ९१४ मिलीमीटरचा लांब रूळ, सहज आणि परवडणाऱ्या किमतीत मिळत असेल तर तोच घ्या. सांधे कमी, डोकेदुखी कमी. पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो, लांब खोकं असल्याने पाठवणी महाग पडते आणि वाटेत वाकूनही येतो. घरात सेटमधले वळणाचे बारा-सोळा तुकडे पडून आहेत, अशा वेळी पुढचा खटाटोप कामाचा आहे.

आधी हिशोब, मग करवत

रूळ मोठ्या त्रिज्येला वळवला म्हणून त्याची लांबी वाढत नाही. बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. लांबी तीच आणि त्रिज्या मोठी, म्हणजे तो तुकडा आता कमी अंश वळतो. १८ इंची एक तुकडा ३० अंशांचा असतो, बारा तुकड्यांत पूर्ण गोल होतो. त्याची मध्यरेषेवरची लांबी साधारण २३९ मिलीमीटर. तोच उघडून २४ इंचाचा केला तर तो साडेबावीस अंश वळेल आणि गोलाला सोळा तुकडे लागतील. काटकोनात वळायला आधी तीन लागत होते, आता चार.

त्यामुळे त्रिज्या मनाला येईल ती धरायची नाही. आपल्याकडचे तुकडे पूर्ण संख्येत बसतील अशी त्रिज्या निवडायची. नियम सोपा आहे: नवी त्रिज्या बरोबर जुनी त्रिज्या गुणिले नवे तुकडे भागिले जुने तुकडे. १८ इंच, बाराचे सोळा केले, उत्तर २४ इंच, म्हणजे ६१० मिलीमीटर. हॉर्नबीचा ४३८ त्रिज्येचा ४५ अंशांचा मोठा तुकडा असेल तर गोलाला आठ लागतात. आठाचे दहा केले तर ५४७.५ मिलीमीटर आणि प्रत्येक तुकडा ३६ अंशांचा. पण ३६ ने ९० ला भाग जात नाही, त्यामुळे काटकोनाला अडीच तुकडे लागतात. त्याच त्रिज्येचे साडेबावीस अंशांचे छोटे तुकडे असतील तर सोळाचे वीस होतात, काटकोनाला नेमके पाच. छोटे तुकडे हिशोबाला सोयीचे, पण सांधे जास्त. यातलं काय पत्करायचं ते तुमच्या हाती.

टेबलाचा हिशोब इथेच करून टाका. ६१० त्रिज्येचं अर्धवर्तुळ म्हणजे रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२२० मिलीमीटर रुंदी. प्लायवूडचा आठ बाय चार फुटी तक्ता आहे बरोबर १२२० रुंदीचा. म्हणजे रूळ कडेवरून खाली! दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मिलीमीटर सोडायचे तर १३२० तरी लागतात. तक्ता चार फुटीच ठेवायचा असेल तर २२ इंच, म्हणजे ५५९ मिलीमीटर, ही शेवटची मर्यादा. १८ इंची तुकड्यांतून २२ इंच करायचं तर अर्धवर्तुळाला सात तुकडे आणि वर एक-तृतीयांश तुकडा लागतो. एका जास्तीच्या तुकड्याचे तीन भाग केले की हे जमतं. १८ इंचाचे दहा अंशांचे छोटे तुकडे वेगळे मिळतात, ते असतील तर कापायलाही नको. अर्थात २२ इंची तयार रूळ दुकानात मिळत असतील तर हे सगळं करण्यात अर्थ नाही.

आता दुसरा हिशोब, आणि खरी गंमत यात आहे. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. किती लांब, हे त्रिज्येवर अवलंबून नाही. फक्त गेज आणि किती कोन वळलं यावर आहे. ३० अंशांच्या तुकड्यात हा फरक ८.६ मिलीमीटर असतो. साडेबावीस अंशांत तो ६.५ पुरतो. म्हणून तुकडा उघडला की बाहेरचा रूळ सुमारे २.२ मिलीमीटर जास्तीचा उरतो आणि टोकाला पुढे येतो. चार तुकडे जोडल्यावर हे साडेआठ मिलीमीटरपेक्षा जास्त होतात. हा जास्तीचा रूळ कापला नाही, तर आतल्या सांध्यात फटी पडतात आणि तुम्ही कितीही दाबलंत तरी वळण परत जुन्या त्रिज्येकडे ओढ घेतं. ‘रूळ ताणून बसवला पण राहत नाही’ ही तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुधा या दोन मिलीमीटरमध्ये असतं.

सामान

फार काही लागत नाही. रूळ कापायची सपाट तोंडाची पक्कड किंवा बारीक दात्यांची करवत, सोनाराकडे असतात तशा बारीक कानशी, धारदार क्राफ्ट चाकू, स्टीलची पट्टी, नवीन जॉइनर, चांगलं सोल्डरिंग आयर्न आणि ॲसिड नसलेला फ्लक्स. गेज तपासायला व्हर्नियर कॅलिपर. आणि डोळ्यांना चष्मा, हा ऐच्छिक नाही. रूळ पक्कडीत तुटताना दोन मिलीमीटरचा तुकडा गोळीसारखा उडतो, आणि आपण तेव्हा बरोबर त्याच्यावर वाकलेलो असतो.

त्रिज्या आखायला मोठा कंपास विकत घ्यायची गरज नाही. एमडीएफची किंवा लाकडाची सत्तर सेंटीमीटरची पट्टी घ्या. एका टोकाला खिळ्याचं भोक, तिथून बरोबर ६१० मिलीमीटरवर पेन्सिलचं भोक. खिळा केंद्रावर ठोकून कंस काढा. केंद्र टेबलाबाहेर जात असेल तर त्याच उंचीचं स्टूल लावा.

प्रत्यक्ष काम

एका तुकड्याचं काम पूर्ण करा, तपासा, आणि मगच बाकीच्यांना हात लावा. सगळे एकदम कापून बसलात आणि हिशोब चुकला तर परतीचा रस्ता नाही.

तुकडा उलटा ठेवा. आतल्या रुळाखालच्या दांड्या, म्हणजे दोन स्लीपरांना जोडणारे प्लास्टिकचे बारीक पूल, चाकूने कापा. फक्त आतल्या बाजूच्या. बाहेरच्या बाजूच्या तशाच ठेवा, म्हणजे स्लीपरांची शिडी एकत्र राहते. आतल्याच का? कारण वळण उघडताना आतल्या बाजूची स्लीपरांमधली अंतरं वाढायला हवीत. वाढायची म्हणजे किती, तर प्रत्येक फटीत मिलीमीटरचा अगदी छोटा अंश. पण सगळ्या मिळून तेच दोन मिलीमीटर होतात. कापताना चाकू रुळाच्या पायाला धरणाऱ्या बारीक चिमट्यांना लागू देऊ नका. एका स्लीपरचे चिमटे गेले तर चालतं. सलग तीनचे गेले तर तिथे गेजचा भरवसा राहत नाही.

आता रूळ स्लीपरांतून सरकवून बाहेर काढा. सहज सरकत नसेल तर जोर लावू नका, खालून पाहा. काही तुकड्यांत रूळ एखाद्या ठिकाणी प्लास्टिकच्या खुंटीने अडवलेला असतो. ती चाकूने छाटली की सुटतो. कुठला रूळ आतला आणि कुठला बाहेरचा, यावर मार्करने खूण करा.

रूळ बाहेर काढायचा कंटाळा येतो, हे मान्य. पण कारखान्यात रूळ रोलरमधून काढून त्याला ४५७ ची सवय लावलेली असते. तुम्ही तो ६१० च्या कंसावर खिळ्यांनी धरून ठेवलात तर तो स्प्रिंगसारखा परत यायला बघणार. परिणाम फार ओळखीचा दिसतो: प्रत्येक तुकड्याचा मध्य बाहेर फुगतो आणि सांधे केंद्राच्या दिशेने आत ओढले जातात. वळण वर्तुळासारखं न दिसता बहुकोनासारखं दिसतं. फ्लेक्स ट्रॅकमध्ये बरोबर उलटं होतं. तिथे रुळाला सरळ व्हायचं असतं, म्हणून सांधे बाहेर पळतात. त्यामुळे फ्लेक्स ट्रॅकसाठी सांगितलेले उपाय इथे डोळे झाकून वापरू नका.

तर रुळाची सवय मोडायची. रूळ दोन्ही हातांत आडवा धरा, वळणाच्या बाहेरच्या बाजूला दोन्ही अंगठे ठेवा आणि टोकं बाहेरच्या बाजूला हलकेच ओढत, अंगठे सेंटीमीटर-सेंटीमीटर पुढे सरकवत जा. एकाच जागी दाबलं तर तिथे कोन येतो, आणि रुळातला कोन पुन्हा निघत नाही म्हटलं तरी चालेल. निकल सिल्व्हर लवचीक असल्यामुळे वाकवून सोडलं की थोडं परत येतं. म्हणून ६१० हवं असेल तर हात सोडण्याआधी त्याहून जास्त उघडावं लागतं. किती, ते दोन-तीन वेळा केल्यावर हाताला कळतं. रूळ टेबलावर आखलेल्या रेषेवर ठेवा. कुठेही न दाबता, स्वतःच्या वजनाने तो रेषेवर पडून राहिला की झालं. एक काळजी घ्या. रुळाचा छेद उलट्या टी सारखा असतो, तो वळवताना पीळ पडू शकतो. सपाट काचेवर ठेवून बघा, दोन्ही टोकं टेकली पाहिजेत.

‘गरम पाण्यात बुडवून किंवा हेअर ड्रायरने गरम करून वळवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. मी त्याच्या विरुद्ध आहे. तेवढ्या तापमानाला धातूला काहीच होत नाही. मऊ पडतं ते प्लास्टिक, म्हणजे नेमके ते चिमटे ज्यांच्या जिवावर गेज टिकून आहे. रूळ तसाच राहतो आणि पकड सैल होते.

रूळ परत स्लीपरांत सरकवा आणि तुकडा कंसावर बसवा. बाहेरचा रूळ आता जास्तीचा दिसेल. दोन्ही टोकांना १.१ मिलीमीटर कापण्यापेक्षा एका टोकाला २.२ कापून रूळ निम्म्याने सरकवणं सोपं आहे. कापकाम निम्मं होतं आणि एक टोक कारखान्यातलं गुळगुळीत राहतं. पक्कडीची सपाट बाजू ठेवायच्या रुळाकडे असू द्या. कापल्यावर टोक काटकोनात घासा, पायाच्या खालचा काटा काढा, नाहीतर जॉइनर चढत नाही. डोक्याच्या आतल्या वरच्या कडेला कानशीचा एकच हलका हात द्या, म्हणजे चाकाची कड तिथे आपटत नाही.

घासताना पडलेला कीस लगेच ब्रशने झाडा. लोहचुंबक फिरवून तो उचलला जाणार नाही, कारण निकल सिल्व्हर चुंबकाला चिकटत नाही. इंजिनाच्या मोटरमध्ये मात्र मजेत जातो.

सांधे

वळवलेल्या रुळांचं खरं दुखणं सांध्यांत असतं. रुळाचं शेवटचं दोन सेंटीमीटर टोक हाताने नीट वळत नाही, कारण धरायला जागाच नसते. ते जुन्याच त्रिज्येचं राहतं. दोन अशी टोकं समोरासमोर आली की तिथे छोटा कोन तयार होतो. यावर दोन उपाय आहेत. एक, टोकाला सपाट पक्कडीत कापड घालून धरा आणि तेवढाच भाग वेगळा उघडा. दुसरा, आणि मला जास्त आवडणारा, म्हणजे दोन तुकडे जोडून, कंसावर अचूक बसवून, सांध्याला डाख द्यायचा. डाख दिलेला सांधा एका अखंड रुळासारखा वागतो. त्यासाठी जुने, सैल झालेले जॉइनर वापरू नका. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओला टिश्यू पेपर ठेवा, आयर्न चांगलं तापवा आणि दोन-तीन सेकंदांत काम आटपा. कमी तापलेलं आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं तर प्लास्टिक जास्त वितळतं. डाख रुळाच्या बाहेरच्या अंगाला. आत गेला तर चाकाची कड त्यावर चढेल.

सगळेच सांधे डाखून टाकू नका. दोन-दोन तुकड्यांच्या जोड्या करा आणि जोड्यांमध्ये साध्या जॉइनरने अर्ध्या मिलीमीटरपेक्षा कमी फट ठेवा. एक मीटर रूळ २० अंश सेल्सिअस तापला तर मिलीमीटरचा साधारण एक-तृतीयांश वाढतो. रुळापेक्षा प्लायवूडचं जास्त भय आहे. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. तक्त्याला दोन्ही बाजूंनी आणि कडांना रंग किंवा वॉर्निश मारलं की ही हालचाल बरीच कमी होते. न डाखलेल्या सांध्यांवर विजेसाठी भरवसा ठेवू नका, प्रत्येक जोडीला खालून स्वतंत्र वायर द्या.

तपासणी: रेल्वेची गँग करते तशीच

भारतीय रेल्वेत वळण बिघडलंय का हे बघायला त्रिज्या मोजत नाहीत. बाहेरच्या रुळाला वीस मीटरची दोरी जीवेसारखी ताणतात आणि मधोमध रुळापासून दोरीचं अंतर मोजतात. याला व्हर्साइन म्हणतात. दर दहा मीटरवर हे मोजलं की कुठे वळण घट्ट आहे आणि कुठे सैल, ते आकड्यांत दिसतं.

हेच टेबलावर करता येतं. ॲक्रिलिकची बरोबर २०० मिलीमीटर लांब आणि पाच मिलीमीटर रुंद पट्टी घ्या. तिची दोन्ही टोकं बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला टेकवा. पट्टीच्या मधोमध रुळापर्यंतचं अंतर ६१० च्या वळणावर ८.१ मिलीमीटर यायला हवं. जुन्या ४५७ च्या वळणावर ते १०.७ येतं, ५५९ वर ८.८. कॅलिपर घालायला अडचण होत असेल तर आठ मिलीमीटरच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा वापरा. ६१० वर तो जेमतेम सैल बसतो. पट्टी पाच-पाच सेंटीमीटरने पुढे सरकवत अख्खं वळण तपासा. आकडा सगळीकडे आठच्या आसपास असेल तर उत्तम. सांध्यावर एकदम नऊ-साडेनऊ आला आणि दोन्ही बाजूंना सातवर उतरला, तर तिथे कोन आहे. डोळ्यांना तो दिसत नसेल, पण सहा आसांच्या इंजिनाला कळेल.

गेज वेगळं तपासा. वळणावर १६.५ पेक्षा किंचित जास्त चालतं, कमी मात्र अजिबात चालत नाही. चाकं दोन रुळांत अडकून वर चढतात. कमी भरलं तर बहुतेक वेळा चिमट्यात रूळ तिरका बसलेला असतो.

सरळ रूळ जिथे वळणाला मिळतो तिथली जागाही नीट बघा. खऱ्या रेल्वेत सरळीतून वळणात एकदम शिरत नाहीत, मध्ये हळूहळू घट्ट होत जाणारा संक्रमण वक्र असतो. तयार तुकड्यांच्या सेटमध्ये ही चैन नसते. पण आपण रूळ हातानेच वळवतोय तर ती फुकटात मिळते. वळणाचा पहिला आणि शेवटचा तुकडा ६१० पेक्षा बराच जास्त उघडा ठेवायचा. तीस सेंटीमीटरचा संक्रमण वक्र हवा असेल तर मुख्य कंस सरळ रेषेपासून सहा मिलीमीटर आत घ्यावा लागतो आणि मधला भाग पातळ लाकडी पट्टी वाकवून आखता येतो. अर्थात यात काही अंश कमी पडतात, म्हणून जवळ अर्धा तुकडा जादा ठेवा. गाडी वळणात शिरताना मान झटकत नाही, नुसती झुकत जाते.

जी गेजच्या बागेतल्या रुळांना यातलं हाताने वळवण्याचं तंत्र लागू नाही. ४५ मिलीमीटर गेजचा पितळी रूळ आठ मिलीमीटरहून उंच असतो, अंगठ्याला दाद देत नाही. त्याला तीन रोलरचा बेंडर लागतो. दोन्ही रूळ एकदम वळवणारे बेंडर मिळतात आणि त्यात स्लीपर काढावे लागत नाहीत. हिशोब मात्र तोच: एलजीबीच्या ६०० मिलीमीटर त्रिज्येच्या बारा तुकड्यांचे सोळा केले की ८०० येतात. तिथे गेज मोठं असल्यामुळे बाहेरचा जास्तीचा रूळही जास्त, तुकड्यामागे जवळजवळ सहा मिलीमीटर.

शेवटची चाचणी गाडीनेच घ्यायची, पण पुढे ओढून नाही. तुमच्याकडचे सगळ्यात लांब आणि सगळ्यात हलके डबे लावा आणि इंजिनाने मागून ढकलत वळणावरून न्या, आधी अगदी हळू. ओढताना डबे रांगेत राहतात आणि बऱ्याच खोडी लपतात. ढकलताना कपलर तिरके दाब देतात आणि जिथे खोड आहे तिथेच पहिला डबा उतरतो. तीच जागा प्रत्येक वेळी आली तर रूळ बघा. डबा तोच पण जागा बदलती असेल तर त्या डब्याची चाकं बघा. ही चाचणी होईपर्यंत टेबलाच्या कडेला जुनी गादी किंवा थर्माकोलची भिंत लावून ठेवा, आणि खडी चिकटवायची घाई करू नका. दोन आठवडे वळण तसंच नुसत्या पिनांवर राहू द्या, मग पुन्हा एकदा पट्टी फिरवून सांध्यांवरचे आकडे बघा.